शून्य असेल तर

फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन. कृश, केशरी, हिममंडित उतारांवरून ओणवं होऊन चाललेलं. दूरवर सूचिपर्णी वृक्षांच्या कृष्णहरित रांगा, हिमभारनत, निःशब्द. दक्षिण जर्मनीतल्या त्या डोंगरकुशीत गणिताची एक संस्था होती, आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत कराडची उत्कर्षा नलावडे बसली होती. समोर एवढं सौंदर्य सांडलेलं. पण बाईसाहेबांचं लक्ष असेल तर शपथ!

पीएचडीचं चौथं वर्ष. शिष्यवृत्तीवर सहा महिन्यांसाठी ती इथे आली होती, आणि शुक्रवारी तिला आपली सिद्धता सगळ्यांसमोर मांडायची होती. सुबक, सुडौल, चौऱ्याऐंशी पानांची सिद्धता. सोमवारी सहज चाळताना बाविसाव्या पानावर बोट थबकलं. तिथे तिनं एका राशीनं भागलं होतं, आणि ती राशी शून्य तर नाही ना, हे कुठेच तपासलं नव्हतं.

शून्यानं भागायचं नसतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. आणि हिनं त्याच पानाच्या भरवशावर, दोन वर्षं खपून, पुढची बासष्ट पानं रचली होती! तिनं वही मिटली, ती मिटलीच.

मंगळवार गेला, हिमधूसर. बुधवार गेला, हिमधूसर. वहीकडे बघवेना, घास गिळवेना. कोण बघतंय बाविसावं पान, असं मन हळूच म्हणे. खरंच होतं ते. गप्प बसली असती तर शुक्रवार सुखरूप निघूनही गेला असता. पण मग ती पदवी आयुष्यभर नावापुढे लावायची कशी? तिला स्वतःची लाज वाटली.

त्या संस्थेत एक जुनी रीत होती. ज्याला स्वतःच्या कामात चूक सापडेल, त्यानं ती कॉफीच्या वेळी दिवाणखान्यातल्या मोठ्या फळ्यावर स्वहस्ते लिहायची आणि खाली नाव घालायचं. पुसायची मात्र दुसऱ्यानं, चूक सुटल्यावर. काही चुका म्हणे तिथे वर्षवर्ष मुक्कामाला असत.

गुरुवारी ती खाली उतरली. कपांची किणकिण, कॉफीचा कडवट दरवळ, आणि त्या कोलाहलात कृष्णवर्णी, कोरा, अथांग फळा. तिनं खडू उचलला. भागाकार लिहिला, राशी लिहिली, नाव लिहिलं. किणकिण थांबली.

तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या लिंडनरबाई उठल्या. सत्तरीच्या, रजतकेशी, मितभाषी. फळ्याजवळ येऊन त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“आणि ही शून्य असेल तर?”

“तर सगळं कोसळतं.”

“तू लिहून पाहिलंस?”

उत्कर्षा फळ्याकडे वळली. नव्हतं पाहिलं! तीन दिवस, तीन रात्री नुसती झुरली. पण कागदावर एक ओळ खरडून पाहावी, हे काही या विदुषीला सुचलं नाही. हात लावला तर खरंच कोसळेल, याची भीती. बाईंनी खडू पुन्हा तिच्या हातात दिला.

राशी शून्य धरली. मग तिच्यावर उभं असलेलं पद शून्य. मग जे अंतर ठरावीक मर्यादेतच राहतं हे दाखवायला तिनं चौऱ्याऐंशी पानं खर्चली होती, ते अंतरच शून्य. शून्य, शून्य, शून्य. शुभ्र, वाटोळी, एकाखाली एक. त्या बाजूला सिद्ध करायला काही उरलंच नव्हतं. आणि राशी शून्य नसेल, तर भागाकार बिनघोर चालतच होता. एक ओळ वाढवायची होती, एवढंच.

लिंडनरबाईंनी डस्टर उचललं, चूक पुसली आणि मग तिचं नाव हलकेच पुसलं. कुणीतरी टेबलावर बोटांनी टकटक केली, मग सगळ्यांनीच. ती त्यांची टाळी.

तिनं पुण्याला आपल्या मार्गदर्शक टिळेकर मॅडमना फोन लावला. सोमवारपासूनचं सगळं एका दमात सांगितलं.

“अगं, मग तीन दिवस फोन करायला काय झालं होतं तुला?” मॅडम कडाडल्या. मग आवाज खाली आला. “बाविसाव्या पानावर ती ओळ घाल आज. आणि जेवलीस का गं?”

“नाही.”

“मग आधी जेव, बाई.”

आणि एकदम भूक लागली. कडकडून, लहान मुलासारखी. सामायिक स्वयंपाकघरात तिनं भात टाकला, पिशवीच्या तळाशी राहिलेलं मेतकूट काढलं, तूप नव्हतं म्हणून लोणी घातलं. हात धुतले तरी नखांत खडू राहिलाच. खिडकीबाहेर सांज निळावत होती, हिम निळावत होतं, आणि वाफाळत्या भातावर वाकून ती हसत होती, रडत होती, कालवत होती. डोळ्यांतलं पाणी टपटप ताटात पडलं. पडू दे. मीठ घालायला ती विसरलीच होती.