डावीकडचा देवदूत

वाउटर ड्यूकसाहेबांचा चित्रकार झाला, तेव्हा ब्रुजमधल्या झाडून सगळ्या रंगाऱ्यांच्या पोटात दुखलं. दुखणारच. रंगाऱ्यांच्या संघाचे नियम आता त्याला लागू नाहीत, अंगात दरबारी रंगाचा झगा, जेवायला राजवाड्यातल्या लांब टेबलाचं टोक. हुद्दा काय, तर खासगी सेवक. म्हणजे ज्या हुद्द्यावर ड्यूकसाहेबांची दाढी करणारा होता, त्याच हुद्द्यावर हाही. पण त्या हुद्द्याची मिजास अशी, की जुन्या सोबत्यांना हा बाजारात ओळख दाखवेना.

आणि काम विचाराल तर झेंडे रंगव, घोड्यांच्या झुलींवर सिंह काढ, मेजवानीत भाजलेल्या मोराला परत पिसं लावतात त्याच्या चोचीला सोनं फास. माणसाच्या पापणीवरचा ओलावा रंगवू शकणारा हात हा, आणि तो मेजवानीतल्या साखरेच्या किल्ल्याला मुलामा देत बसलेला. घरी येऊन वर कौतुकानं सांगणार, ड्यूकसाहेब मोर बघून हसले म्हणून. त्याच्या बायकोच्या, गॉडलीवच्या, तळपायाची आग मस्तकाला जायची. ती त्याच्या उस्तादाची मुलगी. बापाच्या कारखान्यात रंग घोटत वाढलेली. चित्र कशाला म्हणायचं आणि हुजरेगिरी कशाला, हे तिला शिकवायला नको होतं.

एक काम मात्र त्याच्या हातून खरं झालं. राजवाड्याच्या प्रार्थनाघरातलं वेदीवरचं चित्र. मधल्या फळीवर मेरी आणि बाळ, दोन्ही बाजूंना दारासारखे मिटणारे पंख. उजव्या पंखावर ड्यूकसाहेब गुडघे टेकून आणि मागे दरबारी मंडळी. डाव्या पंखावर गाणारे देवदूत. त्यातला सगळ्यांत पुढचा देवदूत म्हणजे त्यांची मुलगी बेर्लिंडे. तोंड उघडून गातेय, आणि वरचा एक दात पडलेला. तिला बसवून ठेवायला गॉडलीवनं वाफाळत्या वॅफल्सची लाच दिली होती, तरी ती बया एका जागी बसेल तर शपथ.

पुढच्याच उन्हाळ्यात प्लेग आला आणि पोरगी गेली. नगराची माणसं आली आणि तिची गादी, कपडे, बापानं काढलेली तिची रेखाटनं, सगळं अंगणात काढून जाळलं. कायदाच तसा होता. राहिला तो फक्त त्या पंखावरचा चेहरा. तोही रोज दिसायचा नाही, कारण पंख उघडतात ते सणावारी, एरवी मिटलेले. चित्रकाराची बायको म्हणून गॉडलीवला मागच्या खांबाशी उभं राहायची मुभा होती. ती बाई सणांवर जगायची. इतर बायका ईस्टरला नवी टोपी घालून मिरवायला जायच्या, ही लेकीला भेटायला जायची.

आता दरबारी लोकांच्या चेहऱ्यांची गंमत सांगतो. ही बडी माणसं कारखान्यात येऊन बसायची नाहीत. मग वाउटरच त्यांच्याकडे जायचा, कथलाच्या पातळ पत्र्यावर तोंड रंगवायचा, कापायचा आणि आणून फळीवर चिकटवायचा. याचा फायदा असा, की कोणी मर्जीतून उतरला की त्याचं डोकं सुरीच्या टोकानं अलगद सोडवायचं आणि त्या धडावर दुसऱ्याचं बसवायचं. काढलेली डोकी घरी पेटीत, कापसात. हो, उद्या मर्जी फिरली तर परत लावायला हवीत. अफरातफर केलेला खजिनदार, पळून गेलेला सेनापती, सगळे लबाड त्या पेटीत सुखरूप होते. बेर्लिंडेला मात्र बापानं थेट लाकडावर रंगवली होती, फळीवरच्या पांढऱ्या खडूच्या थरावर. कायमची राहावी म्हणून. तिला तिथून कोण उठवणार आहे, असं त्याला वाटलं होतं.

उठवणारा आला. ड्यूकसाहेबांचा कारभारी सेगर एका सकाळी कारखान्यात येऊन उभा राहिला. ड्यूकसाहेबांच्या पुतणीचं लग्न ठरत होतं. नवरदेवाकडचे वकील पेंटेकॉस्टच्या सणाला येणार, प्रार्थनाघरात बसणार. तर पुढचा देवदूत पुतणीच्या चेहऱ्याचा हवा. गॉडलीव कोपऱ्यात निळा रंग घोटत होती. ती म्हणाली, मागे आणखी देवदूत आहेत, त्यातला कुठलाही करा. सेगर म्हणाला, मागचे कोणाला दिसतात? शिवाय त्या पुढच्या पोरीला दात नाही, ते बरं दिसत नाही.

"ती माझी मुलगी आहे, सरकार," गॉडलीव म्हणाली.

"होती ना, बाई? मग एव्हाना ती खरीखुरी देवदूत झाली असेल. फळीवर कशाला हवी?"

गॉडलीवनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा झग्याची बाही नीट करत होता. "पेंटेकॉस्टच्या आत होईल, सरकार," तो म्हणाला.

सेगर गेल्यावर तिनं त्याच्या नाकदुऱ्या काढल्या, भांडली, पाया पडली. नाही म्हण, एकदा तरी नाही म्हण. तो म्हणाला, नाही म्हटलं तर झगा जाईल, आणि संघवाले मला दारातही उभं करणार नाहीत, एवढं वाकडं घेतलंय मी त्यांच्याशी. हे खरंच होतं. ती त्याच्याशी बोलायची थांबली. तो रोज हत्यारं घेऊन जात होता, येत होता. शेवटी तिनंच विचारलं, झालं का. "झालं," तो म्हणाला, "काही दिसत नाही."

पेंटेकॉस्टला ती गेली. पंख उघडले. पुढच्या देवदूताच्या जागी ड्यूकसाहेबांची पुतणी, दात सगळे जागच्या जागी. गॉडलीव जायला वळली. पण ती रंगाऱ्याची लेक. तिच्या मनात एक विचार आला आणि त्यानं तिला उभं धरलं. वरून रंगवलंय ना? मग खाली माझी पोर आहे. एका पातळ थराखाली, अजून गातेय. त्या दिवसापासून ती त्या पुतणीच्या आरपार बघायला शिकली. मेरीच्या सणाला तिनं मनातल्या मनात बेर्लिंडेला घरचं सगळं सांगितलं, मांजर व्यालं इथपर्यंत. नवऱ्यालाही तिनं हळूहळू माफ केलं. त्याच्या ताटात परत निवडक तुकडा पडू लागला.

सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी तूर्ने गावचा एक चित्रकार जेवायला आला. उपासाचा दिवस, मटण वर्ज्य पण मासा चालतो, म्हणून हेरिंग मासा आणि मोहरी. पाहुण्यानं तो पंख पाहिला होता आणि त्याचं तोंडभर कौतुक चाललं होतं. म्हणाला, चेहरा बदललाय असं सांगतात, पण मी मेणबत्ती तिरकी धरून पाहिलं, कड सापडेना. वरून रंगवलं की कड दिसतेच.

वाउटर फुलला. "वरून रंगवतोय कोण? पातं घेतलं आणि खडूपर्यंत खरवडलं. खडूही काढला. नवा भरला, घासला, मग रंग. बोट फिरवून बघा, आरसा आहे."

गॉडलीवच्या हातात माशाचं ताट होतं. "सगळं खरवडलंस?"

"सगळं."

"आणि ते खरवडलेलं?"

"ते काय, भुकटी होती. झाडून टाकली."

पाहुण्यानं मान खाली घातली. गॉडलीवनं ताट टेबलावर ठेवलं. "मी प्रत्येक सणाला जाऊन तिच्याशी बोलतेय, वाउटर. मला वाटलं, ती खाली आहे." त्यानं मोहरीची वाटी जवळ ओढली. "वरून रंगवलं असतंस तर त्या सेगरला काय कळणार होतं? ड्यूकला काय कळणार होतं?"

"त्यांना नसतं कळलं," वाउटर म्हणाला. "मला त्या कडेचा उंचवटा दिसला असता."

साखरेच्या किल्ल्यांना सोनं लावताना या माणसाचा अभिमान कुठं झोपला होता, देव जाणे. जागा झाला तो नेमका इथं.

दुसऱ्या दिवशी सणाच्या घंटा सुरू झाल्या. वाउटरनं झगा चढवला, पट्टा बांधला आणि दारातून हाक मारली, पंख उघडायची वेळ झाली, चल. गॉडलीव चुलीपाशी सलगम सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"तू जा," ती म्हणाली. "माझं तिथं कोणी नाही."