मोडायचं सोनं

तरण्या पोरापोरींनी सोनं घ्यावं का, म्हणून गावातल्या बाया मला विचारायला येतेत. घ्यावं म्हणती मी, खुशाल घ्यावं. फक्त घ्यायला जाताना माझ्यासारखी माय संगं नेऊ नये.

आमची शीतल चार सालापासून लोकांच्या शेडनेटमधी काम करती. कंपनीसाठी मिरचीचं बियाणं तयार करायचं, एका झाडाच्या फुलाची पूड दुसऱ्या झाडाच्या फुलाला हातानं लावायची. लई नाजूक काम. मी बी जाती, पण चिमटा धरला की माझ्या हातानं कळ्याच तुटतेत. तिचा हात बसलेला, म्हणून तिला रोज जास्ती. खर्चा काही न्हाई, तव्हा पैसा साचला.

पोरीचा पैसा साचला की सगळ्यांला त्याची काळजी पडते. मामा म्हणला, बँकेत ठिव. चुलता म्हणला, मला दे, दिवाळीला वापस करतो. कोणच्या दिवाळीला ते बोलला न्हाई. मंग मीच म्हणलं, चल जल्दी जाफराबादला, सोनं घेऊन टाकू. सोनं कोणी उसनं मागत न्हाई.

राधेश्याम शेठच्या दुकानात आमची मायलेकींची जुंपली. तिला साधं नाणं पाहिजे होतं, मला ठुशी. शेठनं बराबर सांगितलं, दागिन्याला मजुरी लागते, मोडायला आणला की घट जाती, नाण्यात नुकसान कमी. मी म्हणलं, शेठ, घ्यायच्या वक्ताला मोडायची भाषा कशाला करता? नाणं काय गळ्यात घालून बोहल्यावर उभं राह्यचं? शीतलनं हातातलं नाणं शेठला वापस दिलं. माझ्यापुढं चांगले चांगले गप बसतेत.

ठुशी घातल्यावर पोरगी अशी दिसली, की माझंच पोट भरलं. पैसा तिचा, घाम तिचा, पण गळ्यात पडल्याबरोबर ती ठुशी घराची झाली अन् लग्नाची झाली. पेटीची किल्ली माझ्या कमरेला. त्यात सोन्याचा भाव असा वर गेला, की मी गावभर मिरवून घेतलं. जसा काय मीच भाव वाढवला.

यंदा आमचा शेजारी वसंता पोराकडं राह्यला निघाला अन् त्यानं त्याचं शेडनेट इकायला काढलं. पाईप, जाळी, ठिबक, सगळं धड. शीतलच्या बापानं बांधाकडची दहा गुंठे जमीन दिली. शीतल जेवता जेवता म्हणली, "माय, ठुशी मोडायची. मला माझं नेट पाहिजे."

मी हातातला घास ताटात टाकला. लग्नाचं सोनं कोणी मोडतं का? उद्या सोयरे येतील, आधी गळा बघतील, मंग पोरगी. लोक शीतलच्या बापाचं नाव घेऊन म्हणतील, भुजंगच्या घरात काही उरलं न्हाई, पोरीच्या अंगावरचं इकून खाऊन राह्यलेत. मी बोलणं बंद केलं. भांडे लई वाजवले. तिच्या बापानं मधी पडून बघितलं, त्यांला बी सुनावलं. शीतल भांडली न्हाई. वसंताला दुसरं गिऱ्हाईक आलं त्या दिवशी फक्त एवढंच म्हणली, "ठुशी पेटीत ऱ्हाईल, माय, अन् मी लोकाच्या नेटात म्हातारी होईन."

राग आला. अन् ते खरं हाये हे बी कळलं, म्हणून जास्तीच राग आला. तसल्याच तोंडानं मी तिच्यासंगं जाफराबादला गेले.

शेठनं ठुशी काट्यावर ठेवली अन् माझ्याकडं बघितलं. लग्नाची पोरगी दागिना मोडायला आली की घरच्या मोठ्या माणसाला विचारायचा त्याचा रिवाज. बराबरच हाये, पोरं घरातलं चोरून बी आणतेत. "पुष्पाबाई," त्यानं विचारलं, "तुमचं हो हाये ना? तुम्ही म्हणल्याबिगर मोडणार न्हाई."

मी शीतलकडं बघितलं. चिमटा धरून धरून बोटांला घट्टे पडलेली माझी लेक, सोताच्या कमाईची वस्तू इकायला माझ्या तोंडाकडं बघून राह्यली होती. जशी काय भीकच मागायला उभी. एवढी मोठी मालकी मला कोणी दिल्ती?

"मला काय विचारता, शेठ?" मी म्हणलं. "माल तिचा हाये. तिला विचारा."

शेठ तिच्याकडं वळला. आजवर तो तिला बेटा म्हणायचा. "मोडू का, ताई?" त्यानं विचारलं.

"मोडा," शीतल म्हणली. आवाज बिलकुल हलला न्हाई. मी मात्र पदर तोंडाला लावून बाहेरच्या गाड्या बघत बसले.

मजुरी गेली, घट गेली, तरी भावानं सगळं भरून काढलं. जीपमधी ती माझ्या शेजारी बसली, गळा मोकळा. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं न्हाई. मी म्हणलं, आता सोयरे आले की त्यांला बैठकीत बसवायचंच न्हाई, सरळ नेटात न्यायचं, अन् आत जायच्या आधी मालकिणीला विचारायला लावायचं. शीतल इतकी हासली की डायव्हरनं वळून बघितलं. चार सालात मी तिला असं हासताना बघितलं नव्हतं.