झालेल्या कामांची भिंत

जावईबापूंनी पहिल्याच दिवशी मीटिंगमधल्या खुर्च्या काढून टाकल्या, आणि ब्रेकबाईंचं त्यांच्याशी फाटलं ते कायमचं. रोज सकाळी नऊला सगळ्यांनी भिंतीसमोर उभं राहायचं. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय ते सांगायचं आणि पंधरा मिनिटांत कामाला लागायचं. त्रेपन्न वर्षांचे गुडघे घेऊन बाईंनी शाळेतल्या पोरांसारखं रांगेत उभं राहायचं, आणि तेही कुणासमोर? तर ज्याने आयुष्यात कधी पाना हातात धरला नाही अशा माणसासमोर.

कारखाना बसची दारं बनवायचा. मालकांच्या जावयाने कुठल्याशा मोठ्या कंपनीत चार वर्षं काढली होती. सासऱ्यांनी त्याला मोठ्या कौतुकाने बोलावून घेतलं, कारखान्याला ॲजाइल नावाची कामाची नवी पद्धत शिकवायला. भिंतीवर तीन रकाने आखले गेले: करायचं, चालू, झालं. रंगीत चिठ्ठ्या आल्या. कामगार त्याला जावईबापू म्हणू लागले, अर्थात पाठीमागे.

दार मिटताना मध्ये कुणाचा हात आला, तर ते आपोआप उघडलं पाहिजे. ते उघडतं की नाही हे तपासणं बाईंचं काम. एकोणीस वर्षं त्यांच्या सहीशिवाय एक दार बाहेर पडलं नव्हतं. महिनाअखेरीला सगळा माल एकदम निघायचा, आणि ऐन वेळी बाई अडवायच्या. म्हणून ब्रेकबाई. हे नाव त्या मिरवत असत.

जावईबापूंनी ती सहीच रद्द केली.

"एका सहीपायी माल तीन-तीन आठवडे पडून राहतो," ते म्हणाले. "यापुढे अडचण असेल तर इथेच बोलायचं, सगळ्यांदेखत. नसेल तर चिठ्ठी 'झालं'मध्ये."

माणूस अगदीच चुकीचं बोलत होता असं नाही. पण बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानंतर तो जे काही शिकवत राहिला, ते त्या खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या, म्हणजे ऐकतच नव्हत्या.

मग एका गुरुवारी नव्या नमुन्याच्या दाराची मोटर तापली. बाईंनी नेहमीसारखा लाकडी दांडा मध्ये धरला होता. तीस वेळा दार दांड्याला टेकून मुकाट्याने मागे गेलं. एकतिसाव्या वेळी ते दांड्यावर बसलं ते बसलंच. मोटर गार झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखं वागू लागलं. बाईंनी तीनदा ताडून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

दुसऱ्या दिवशी भिंतीसमोर जावईबापूंनी विचारलं, "दाराचं काय? काही अडचण?"

"नाही."

त्यांनी चिठ्ठी उचलून 'झालं'मध्ये लावली. बाईंना आतून गुदगुल्या झाल्या. पुढच्या शुक्रवारी मालकांसमोर नवं दार चालवून दाखवायचं होतं. तिथे, सगळ्यांसमोर, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत याला तोंडघशी पाडायचं.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो शर्टाला इस्त्री करत होता.

"अगं, मग सांगून टाक ना आत्ताच."

"सांगणार आहे. शुक्रवारी. माल काही महिनाअखेरीच्या आधी जात नाही."

"आणि त्या बिचाऱ्याची नोकरी गेली तर?"

"जाऊ दे! माझी सही गेली तेव्हा कुणाला कळवळा आला होता?"

नवरा शर्टाची बाही उलटून इस्त्री करू लागला.

शुक्रवार उजाडला. मालक आले, फोरमन आला, सगळे दाराभोवती उभे राहिले. जावईबापूंनी पाच-सहा वेळा दार उघडमीट करून दाखवलं. मालकांनी मान डोलावली.

"आता मला जरा चालवू द्या," बाई म्हणाल्या आणि दांडा धरून मोजू लागल्या. पंधराच्या पुढे मालकांनी घड्याळ पाहिलं. पंचविसाला फोरमन हसायला लागला. एकतिसाव्या वेळी दार दांड्यावर बसलं आणि मागे गेलं नाही. फोरमनचं हसू विरलं.

"हे तुमचं झालेलं काम," बाई जावईबापूंना म्हणाल्या. हा क्षण त्यांनी आठवडाभर मनात घोळवला होता.

जावईबापूंचा चेहरा पांढराफटक पडला. पण ते बाईंकडे बघतच नव्हते. ते फोरमनला विचारत होते, "सोमवारी ही दारं किती बसेसना बसवली?"

"दोन," फोरमन म्हणाला.

"कसल्या बसेस?" बाईंनी विचारलं. "महिनाअखेर कुठे झालीय?"

"बाई, चिठ्ठी 'झालं'मध्ये गेली की माल निघतो. थोडा-थोडा, लगेच. मी आलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तासभर हेच तर समजावत होतो." जावईबापू आता त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

बाईंनी दांडा खाली ठेवला. मालकांनी तोवर डेपोला फोन लावला होता, आवाज मोठा करून, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"दार ना? हो, झालंय खरं एक," पलीकडचा माणूस निवांत सांगत होता. "परवा एका आजोबांचं मनगट अडकलं. हाड मोडलं. ड्रायव्हरने आणि दोघा-तिघांनी ओढून उघडलं म्हणून सुटले. आम्ही चौकशी केली. दार चालवून पाहिलं, उत्तम चालतंय. म्हाताऱ्यानेच उतरायची घाई केली असणार. तसंच लिहून टाकलंय."

मालकांनी जावयाकडे असं पाहिलं की त्याचं काय होणार हे सांगायला नको. बाईंना हवं होतं ते अगदी तसंच घडत होतं. त्या पुढे झाल्या आणि फोन त्यांनी मालकांच्या हातातून काढून घेतला.

"म्हाताऱ्याने घाई केली नाही," त्या म्हणाल्या. "ते खोडा. दोन्ही बसेस आत्ताच्या आत्ता थांबवा, आणि लिहून घ्या. दारात दोष आहे, आणि तो मला गेल्या आठवड्यातल्या गुरुवारपासून माहीत होता."

"तुम्ही कोण बोलताय?"

बाईंनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. ते त्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.