रखमाबाई पाण्यात उतरल्या तेव्हा

मी खसबच्या बंदरातली एक लाकडी लाँच. ओमानच्या नकाशात अगदी वर, उत्तरेच्या टोकाला माझं घर. इथले लोक मला लंज म्हणतात. तरुणपणी माझ्या पोटात बर्फ आणि मासळी असायची. आता अंगावर गालिचे आणि लोड पसरलेले असतात आणि माणसं माझ्यावर सहलीला येतात. खरं सांगू? मासळीपेक्षा माणसं जड. घरून काय काय उचलून आणतात मनात!

रखमाबाई आल्या तेव्हा थंडीचे दिवस होते. देवगडकडच्या एका खाडीकाठच्या गावच्या त्या. मुलगा जितेश ओमानमधल्याच सहम गावी एका सुपरमार्केटात मॅनेजर. त्यानं आणि सुनेनं, सोनलनं, त्यांना महिनाभरासाठी बोलावून घेतलं होतं. शिनास बंदरातून मोठ्या फेरीबोटीनं तिघं आली. तिथं काचा बंद, एसी चालू, त्यामुळे निभावलं. माझ्याकडे मात्र फळीवरून यायचं होतं आणि फळीखाली पाणी हलत होतं. रखमाबाई धक्क्यावरच थबकल्या.

"माका नको. तुमी जावा. मी हयच बसतंय."

जितेशचा चेहरा उतरला. तेव्हा माझा खलाशी मुनीर पुढे झाला. तो रत्नागिरीचा. "मावशी, ही लाँच म्हातारी हाय, पळायची नाय. या."

त्या चढल्या खऱ्या, पण मधल्या खांबाला पाठ लावून बसल्या आणि मागे हात नेऊन तो घट्ट धरला.

मुनीर इंजिनापाशी आला तेव्हा जितेश हळूच त्याला म्हणाला, "मी दोन वर्षांचा होतो. बाबा होडी घेऊन गेले ते आलेच नाहीत. त्यानंतर आयेनं मला खाडीत पायसुद्धा बुडवू दिला नाही." मुनीरनं माझा वेग कमी केला.

दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर, मधे हिरवं, शांत पाणी. मुनीरनं कहवा आणि खजूर फिरवले. एका डोंगराच्या पायथ्याशी चारदोन घरं दिसली. मुनीर म्हणाला, तिथं जायला रस्ता नाही, प्यायचं पाणीसुद्धा बोटीनं येतं. ते ऐकून रखमाबाई चढल्यापासून पहिल्यांदा बोलल्या. "मगे पोरां शाळेत कशी जातत?"

"बोटीनंच, मावशी."

त्या घरं मागे पडेपर्यंत बघत राहिल्या.

मग मुनीरनं टाळ्या वाजवल्या, शिट्टी घातली आणि डॉल्फिन आले. एक मादी, तिच्या कुशीला चिकटून पिल्लू. ती वर आली की तेही वर, ती खाली की तेही खाली. "आई, बघा ना!" सोनल ओरडली. रखमाबाईंनी खांब सोडला आणि कठड्याशी आल्या.

"तुझ्या बापाशीक हे लय आवडायचे," त्या जितेशला म्हणाल्या. तो डॉल्फिन सोडून त्यांच्याकडे बघू लागला. बापाविषयी आईनं आपणहून काही सांगावं, हे त्याला नवीन असावं.

एका बेटाजवळ नांगर पडला. सहलीची बाकीची माणसं धपाधप पाण्यात उड्या मारू लागली. जितेश लाइफ जॅकेट घालून शिडीवर उभा. चाळिशीचा गडी, पण खाली जाईना आणि वरही येईना.

"आये, जाऊ?"

रखमाबाईंनी कठडा धरला. तो उतरला. पाणी छातीला लागलं, शिडी सुटली आणि तो घाबरला. हातपाय झाडू लागला, नाकातोंडात खारं पाणी गेलं. मुनीर धावला, पण त्याच्या आधी पदर खोचून रखमाबाई खाली गेल्या होत्या. दोन-चार हात मारून त्या लेकापाशी पोचल्या. पाणी त्यांना विसरलं नव्हतं.

"झाडू नको! मान सोड. माझ्या हातार टाक. पोट वर कर. मी धरलंय."

"सोडशील."

"सांगितल्याबगर सोडूचंय नाय."

तो हळूहळू आडवा झाला. त्याच्या डोक्याखाली हात धरून त्या म्हणाल्या, "तुका पवाक शिकवूक होया होता. पण मी भियालंय रे." त्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आता सोडतंय," आणि हात काढून घेतला.

जितेश तरंगत राहिला. जॅकेट होतं, तरंगलाच असता म्हणा. पण हे त्याला कुणी सांगितलं नाही.

मग रखमाबाई स्वतःच पाठीवर पडल्या. लुगडं पाण्यावर पसरलं, कान पाण्याखाली, तोंड आभाळाकडे. सोनलच्या हातात फोन होता, पण फोटो काढायचं ती विसरून गेली.

येताना मुनीरच्या कोरड्या चादरीत गुरफटून त्या लोडाला टेकल्या आणि बघता बघता घोरू लागल्या. जितेश शेजारी बसून ऊन त्यांच्या तोंडावर येऊ नये म्हणून हात आडवा धरून होता. हात अवघडला तरी त्यानं तो काढला नाही.

आता माझंही वय झालंय. मालकानं फायबरची नवी बोट सांगितली आहे. मला म्हणे एका हॉटेलच्या दारात उभी करून दिवे लावणार आहेत. लावू देत. मी चांगली दिसेन. पण लाकडी लाँच कोरड्यात ठेवली की फळ्या आकसतात, सांधे उघडे पडतात. तेव्हा जे कुणी मला ओढून नेतील त्यांना एवढंच सांगा, भरतीचं पाणी अंगाला लागेल इतक्या जवळ ठेवा. बाकी माझं काही मागणं नाही.