मध्यान्हरेषा

फाइट होल्त्साप्फेल यांचा दिवस दुपारी बाराला सुरू व्हायचा. आकाश मोजणाऱ्यांची ती जुनीच रीत, पण उल्म गावात ती वहीबाहेरही पाळणारे ते एकटे. ईस्टरच्या रविवारी सकाळी सगळी गल्ली चर्चला निघाली, की हे खिडकीतून विचारायचे, "शनिवारीच कुठे निघालात?"

म्हातारपणी त्यांनी स्वतःची पत्रिका मांडून मरणाचा दिवस काढला. अकरा मार्च. तो गावभर सांगूनही ठेवला. अकरा तारीख उलटली. बारा तारखेच्या सकाळी चर्चचा घंटावाला लोरेन्झ दारात येऊन उभा राहिला.

"काय अपोलोनियाबाई, मास्तर अजून आहेत? काल जायचे होते ना?"

"त्यांचा काल दुपारपर्यंत चालतो," मुलगी म्हणाली.

आतून बारीक आवाज आला, "त्याला म्हणावं, आधी स्वतःचं घड्याळ लाव. पाव तास पुढे पळतंय."

हे भांडण एकवीस वर्षांचं होतं. त्याच दुपारी बाराची घंटा होऊन गेली आणि थोड्या वेळाने ते गेले.

आठवड्याने पाथरवट एंड्रेस कबरीच्या दगडासाठी तारीख विचारायला आला.

"पाद्रीबाबांच्या वहीत बारा आहे. बारा कोरू?"

"थांबा जरा."

"लोक म्हणतात, मास्तरांचं शेवटचं गणित तेवढं हुकलं."

"म्हणूनच थांबा म्हणते. उद्या या."

तो गेल्यावर ती बाबांच्या खोलीत गेली. फरशीत एक पितळी पट्टी बसवलेली होती. झडपेच्या भोकातून येणारा उन्हाचा ठिपका त्या पट्टीवर आला की मध्यान्ह. घंटा खरोखरच पाव तास पुढे असेल, तर ती वाजल्यावरही बाबांची अकरा तारीख थोडी उरली होती. तेवढ्यात ते गेले असतील तर गणित बरोबर होतं. ते गेले त्या क्षणी ठिपका पट्टीवर पोचला होता का, एवढंच पाहायचं होतं, आणि तेव्हा खोलीत तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. तिने पाहिलं नव्हतं. ती ओल्या फडक्याने त्यांचे ओठ टिपत होती. नंतर केव्हातरी नजर गेली, तेव्हा ठिपका पट्टी ओलांडून दोन बोटं पुढे गेला होता.

अकरा म्हटलं असतं तर कोणी तपासायला येणार नव्हतं.

तिने वही उघडली. रोजच्या मध्यान्हीची सूर्याची उंची, निम्मी पानं तिच्याच अक्षरात. सूर्य दिसला नाही त्या दिवशी आकड्याच्या जागी फक्त 'ढग'. चौदा वर्षांची असताना तिने एकदा अंदाजाने आकडा भरला होता.

"पाहिलास?" बाबांनी विचारलं होतं.

"नाही. पण कालच्यापेक्षा एवढाच वर असणार ना."

"असेलही. तू पाहिलास का?"

तो खोडलेला आकडा अजून तिथे होता. शेजारी 'ढग', तिच्याच हातचा, जरा तिरका.

दुसऱ्या दिवशी एंड्रेस हातगाडीवर दगड घेऊन आला. ती म्हणाली, "नाव, महिना, साल कोरा. दिवसाच्या जागी ढग."

"काय?"

"ढग."

"त्या दिवशी तर लख्ख ऊन होतं, बाई."

"हो, होतं."

 तो खाली बसला आणि खडूने दगडावर जागा आखू लागला.