जेवणाआधीची प्रार्थना

गल्लीत कुठेही पाइप फुटला की नळवाल्याला बोलावणं यायचं. हाताला यश होतं माणसाच्या. पण देवाधर्माच्या बाबतीत पाटी कोरी. प्रार्थनेच्या वेळी बायको हात जोडायची, तेव्हा याला नेमकं एखाद्याच्या घरचं टपकणं आठवायचं आणि तो पान्हे उचलून चालू पडायचा. अशी पंचवीस वर्षं निघाली.

मग मुलीची सोयरीक आली. मुलाचे वडील शिंपी, आणि भक्त म्हणून त्यांचा मोठा लौकिक. ते म्हणे जेवणाआधी इतकी लांब प्रार्थना म्हणतात, की घरातली पोरं उभ्या उभ्या पेंगतात.

"अहो, निदान त्यांच्यासमोर तरी गप्प बसा," बायकोने बजावलं. "मी सांभाळून घेईन."

पण पाहुणे आले, ताटं वाढली, आणि शिंपी अदबीने म्हणाले, "घर तुमचं, मान तुमचा. प्रार्थना तुम्हीच म्हणा."

बायको तोंड उघडणार, तोच सगळ्यांनी माना खाली घातल्या. आता माघार कसली? त्याने डोळे मिटले आणि आवाज खोल करून, तोंडातल्या तोंडात सुरू केलं, "अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची... कोपरा, जोड, वॉशर... गळती थांबो, धार लागो..."

मुलीने ओठ दाताखाली दाबले. बायकोचे कान लाल झाले. शिंपी मात्र डोळे मिटून डोलत होते. शेवटी म्हणाले, "वा! फार जुनी दिसते."

"वडिलांपासून चालत आलीय," नळवाला म्हणाला. त्याचे वडीलही नळवालेच होते, तेव्हा तेवढं तरी खोटं नव्हतं.

जेवणं झाली. हात धुताना शिंप्यांनी त्याला मोरीपाशी गाठलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "व्याहीबुवा, ती मला लिहून द्याल?"

"तुम्हाला कशाला? तुमची तर अर्धा तास चालते म्हणे!"

शिंप्यांनी दाराकडे पाहून घेतलं. "कुणाला सांगू नका. मला प्रार्थनेचं एक अक्षर येत नाही. लग्नानंतर पहिल्याच दिवशी सासऱ्यांनी म्हणायला लावली. घाबरून मी गिऱ्हाइकांची मापं पुटपुटलो. छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही बावीस. सासरे खूश झाले! आता दर वर्षी गिऱ्हाइकं वाढतात, तशी प्रार्थनाही लांबते."

नळवाला आधी थक्क झाला, मग त्याला असं हसू फुटलं की नळ बंद करायचंही भान राहिलं नाही. हसता हसता त्याने आपले कोपरे-वॉशर कबूल केले. शिंपी भिंतीला टेकून हसू लागले.

"झालं का दोघांचं?" मागे नळवाल्याची बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. दोघे शाळेतल्या पोरांसारखे सरळ उभे राहिले. ती रागावली नाही. हसून ओले झालेले डोळे पदराने पुसत म्हणाली, "म्हणा माझ्यामागे."

आणि तिथेच, ओल्या हातांनी, दोघांनी खरी प्रार्थना म्हटली. दोनच ओळी होत्या.

शिंप्यांचा चेहरा पडला. "एवढीच?"

"एवढीच."

"अरे देवा," ते म्हणाले, "आणि मी तीस वर्षं सगळ्यांना गार जेवायला घातलं!"