चौकटीमागची पिल्लं

"ढेकूण शे तो, बाई. चिरडी टाका," भांडी घासायला आलेली रंजनाबाई हातातलं खरकटं पातेलं तसंच धरून म्हणाली.

"ढेकूण नही शे. ढेकूण इतला पळस का?" धनकंवरबाई ओट्यासमोर फरशीवर बसल्या होत्या. त्यांनी स्टीलची वाटी उपडी घातली होती आणि तिच्याखाली जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद हळूहळू सरकवत होत्या. वाटी उचलून त्यांनी आतला किडा काचेच्या ग्लासात उतरवला आणि ग्लास खिडकीच्या उजेडात धरला.

तांदळाच्या दाण्याएवढा, चपटा, तांबूस जीव. पंख नव्हते. पाठीवर दोन काळसर पट्टे होते आणि अंगाच्या मानाने मिशा भलत्याच लांब.

"झुरळनं पिल्लू शे."

"मंग काल फ्रिजमांगे धवळा दिसना तो?"

"तोबी हाऊच. कात टाकी का धवळा दिसस. थोडा टाइममा तांबडा व्हई जास."

रंजनाबाईने मान हलवली. धनकंवरबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, ग्लासावर कागद धरून मागच्या दाराने निघाल्या आणि परसाच्या टोकाला, एरंडाच्या झाडांपाशी जाऊन त्यांनी ग्लास उपडा केला. मोरीत पाय धुऊन त्या पुन्हा ओट्यासमोर येऊन बसल्या.

खापर गावच्या बाजारपेठेत पुढे किराणा दुकान आणि मागे घर, अशी त्यांची जागा. घरात बोलणं मारवाडी. गिऱ्हाइकांशी आणि रंजनाबाईशी अहिराणी. लग्न होऊन या घरात आल्या त्याच वर्षी गावात महासतीजी, म्हणजे जैन साध्वी, उतरल्या होत्या. त्यांच्यासमोर उभं राहून धनकंवरबाईंनी आणि त्यांचे पती मांगीलालजींनी व्रत घेतलं होतं, की चालता-फिरता जीव जाणूनबुजून मारायचा नाही. मांगीलालजी जाऊन बरीच वर्षं झाली. व्रत राहिलं. हातावर बसलेला डास त्या फुंकर घालून उडवत. पिठात अळी दिसली तर ती चमच्यावर घेऊन बाहेर सोडत. त्याचा गाजावाजा त्यांनी कधी केला नाही आणि दुसऱ्याने असंच करावं असंही कधी म्हटलं नाही. रंजनाबाई मोरीतली गोम चपलेने मारायची तेव्हा त्या फक्त तोंड फिरवायच्या.

होळीनंतर नात आजारी पडली तेव्हा हे सगळं अवघड होऊन बसलं.

प्रियल पहिलीत होती. तिला आधी नुसताच खोकला झाला, मग झोपेत छाती वाजायला लागली. अक्कलकुव्याची औषधं झाली, तरी उतार पडेना. शेवटी मुलगा रिषभ आणि सून नूतन तिला नंदुरबारला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून श्वासाचा पंप लिहून दिला आणि विचारलं, "घरात झुरळं आहेत का?"

रिषभ म्हणाला, "थोडीफार आहेत. किराणा दुकान आहे ना, खोक्यांतून येतात."

"पिल्लं दिसतात? दिवसा?"

"दिसतात."

"दिवसा पिल्लं दिसतात म्हणजे भिंतीत खूप असणार. त्यांची विष्ठा, टाकलेली कात, सगळी धूळ होऊन हिच्या श्वासात जाते. औषध मी देईन, पण घर तुम्हाला साफ करावं लागेल."

घरी येऊन नूतनने हे सासूला जसंच्या तसं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण सांगून झाल्यावर ती तिथेच उभी राहिली.

"शहाद्याला झुरळांचा एक औषधवाला आहे," रिषभ म्हणाला. "तो..."

"मला थोडे दिवस दे," धनकंवरबाई म्हणाल्या. "मी काढते त्यांना."

त्यांनी खरोखरच कंबर कसली. दुकानातली पुठ्ठ्याची खोकी घरात आणणं बंद केलं. डाळी-पिठं झाकणाच्या डब्यांत गेली. ओट्याखालचा गळका नळ नवीन बसवून घेतला. झोपण्याआधी मोरी कोरडी पुसायची, शेगडी उचलून खालचे कण झाडायचे, फ्रिज ओढून मागे पुसायचं. रंजनाबाई कुरकुरत का होईना, सोबत असायची. भिंतीतल्या फटी दोघींनी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या. बरणीच्या आतल्या काठाला तूप लावून तळाशी गुळाचा खडा ठेवला, की सकाळी आत पाच-सात पिल्लं सापडत. तुपावरून घसरून त्यांना वर चढता येत नसे. धनकंवरबाई ती बरणी घेऊन एरंडापाशी जात.

"असा कितलाक दिन करशात, बाई?"

"सरतीस तोपावत."

पिल्लं कमी झाली, हे खरं. फ्रिजमागे दिसेनाशी झाली, ओट्याखालीही. फक्त भिंतीतल्या कपाटाची जी जुनी सागवानी चौकट होती, तिच्यामागून येत राहिली. सिमेंट तिथे टिकत नव्हतं; लाकूड हललं की तडा जायचा.

प्रियलची छाती कधी वाजायची, कधी नाही. वाजली नाही की धनकंवरबाई दिवसभर हलक्या पायांनी वावरत. नूतन त्यांच्याकडे पाहत राहायची. एकदाच ती म्हणाली, "मम्मीजी, मला राग नाही आला तुमचा. भीती वाटते."

शाळा उघडली त्या आठवड्यात एका सकाळी प्रियल दप्तर भरता भरता थांबली. खांदे वर ओढून ती श्वास घ्यायला लागली. पंप दिला, पुन्हा दिला. ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा रिषभने तिला उचलून गाडीत घातलं. नूतन अनवाणीच मागे धावली. धनकंवरबाई दारात उभ्या राहिल्या, आणि गाडी वळल्यावर स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

रंजनाबाई आली तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. चौकटीमागून दोन पिल्लं बाहेर आली होती, एक मोठं, एक अगदी तिळाएवढं. भरदिवसा, दोघींच्या समोर ती लाकडावर फिरत होती. धनकंवरबाईंनी बरणी घेतली नाही.

रंजनाबाई शेजारी बसली. म्हणाली, "बाई, एक सांगू का? राग नका धरू."

"सांग."

"तुम्ही तठे एरंडजोडे सोडतस ना, तठे शेजारन्या कोंबड्या येतीस. तुम्ही पाठ फिरावतस का त्या खाई टाकतीस."

"तुले माहीत व्हतं?"

"पहिलापासून. तुम्हले सांगानं मन नही व्हयनं."

धनकंवरबाईंनी डोळे मिटले. त्यांना रडू आलं नाही. रंजनाबाईचा त्यांना रागही आला नाही. इतके दिवस आपण जीव वाचवतो आहोत या समाधानात होतो, आणि त्या समाधानाची किंमत ते लेकरू एकेका श्वासाने मोजत होतं, एवढंच त्यांच्या मनात फिरत राहिलं.

दुपारी फोन वाजला. रिषभ होता. "धाप थांबली आहे. वाफ दिली, सलाईन चालू आहे. उद्या सोडतील." मग म्हणाला, "मा, तू दोन दिवस धानोऱ्याला मावशीकडे जाऊन ये. तू नसताना मी उरकून घेतो. तुला काही माहीतच नाही असं होईल."

"माहीत आहेच की मला."

"म्हणजे..."

"नूतनला फोन दे."

नूतनने फोन कानाला लावला. धनकंवरबाई म्हणाल्या, "बीनणी, त्या औषधवाल्याला मी बोलावते. तू नको बोलावू, रिषभनेही नको. घरात मोठी मी आहे. जे होईल ते माझ्या नावावर होऊ दे, तुमच्या नाही."

"मम्मीजी, पण तुमचं व्रत..."

"व्रत माझं आहे. मोडायचं तर मीच मोडायला हवं."

पलीकडून नूतनचा हुंदका ऐकू आला. त्यांनी फोन ठेवला आणि रंजनाबाईला पाठवून दुकानातल्या गड्याकडून शहाद्याच्या औषधवाल्याचा नंबर मागवून घेतला.

औषधवाला दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. कुंदन नावाचा, चाळिशीचा, बोलका माणूस. त्याच्याकडे फवारणीचा पंप नव्हता. इंजेक्शनच्या नळीसारखी एक नळी होती आणि तिच्यात तपकिरी, गोडसर वासाची पेस्ट.

"घरमा पोर आजारी शे ना? मंग फवारा नही मारत. तिना हात पोचस नही तठेच बारीक ठिपका लावसू," तो म्हणाला. "मोठा झुरळ खाईसन भितमा मझार जातस. ज्या पिल्ला बाहेर येत नहीत, त्या बी त्यासनी घाण खाईसन मरतस. बठं घरटं साफ."

धनकंवरबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं.

"कोठे कोठे दिसतस, सांगशात का?"

त्यांना सगळ्या जागा माहीत होत्या. इतके दिवस बरणी घेऊन त्या हेच तर पाहत आल्या होत्या. त्या पुढे झाल्या. चौकटीचा वरचा कोपरा दाखवला. बिजागरीमागची फट दाखवली. शेगडीच्या नळीचं भोक, फ्रिजच्या मोटारीजवळची उबदार जागा. बोट दाखवायचं, बाजूला व्हायचं. कुंदन ठिपका लावायचा. रंजनाबाईला वाटलं, बाईंनी नुसतं तोंडाने सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्या प्रत्येक ठिकाणी स्वतः गेल्या आणि ठिपका लागेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

संध्याकाळी प्रियल घरी आली, रिषभच्या खांद्यावर झोपलेली. नूतनने वाकून सासूच्या पायांना हात लावला. रोज लावायची तसाच, पण हात थोडा वेळ तिथेच राहिला.

पुढच्या काही दिवसांत पिल्लं मेलेली सापडायला लागली. चौकटीच्या खाली पाय वर करून पडलेली, काही इतकी बारीक की चहाची पूड सांडल्यासारखी वाटावी. रंजनाबाई केरसुणी घेऊन आली तर धनकंवरबाईंनी तिला थांबवलं. सामायिकाच्या ध्यानाला बसताना जागा झाडायची मऊ लोकरीची पूंजणी त्यांनी आणली आणि त्या लोकरीनेच एकेक पिल्लू कागदावर घेतलं. परसात छोटा खड्डा करून त्यात घातलं, वर माती ओढली.

प्रियलला एकदम बरं वाटलं नाही. पंप सुरूच राहिला. पण श्रावण लागेपर्यंत ती जिन्यावरून धावायला लागली, आणि नूतन उशाशी बसून जागायची थांबली.

त्या पावसाळ्यात धनकंवरबाईंनी आयंबिल धरलं. दिवसातून एकदाच, मीठ-तेल नसलेला शिजवलेला भात नाहीतर मूग. रिषभला वाटलं, चातुर्मास आहे म्हणून. मूग मात्र नूतन स्वतः शिजवायची, दुसऱ्या कुणाला शिजवू देत नसे.

पर्युषणाची सांगता करणाऱ्या संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरी माणसांची ये-जा होती. पेठेतले लोक येत, हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम' म्हणत, झाल्या-गेल्याची क्षमा मागत. धनकंवरबाईंनी मुलाची, सुनेची, लहानग्या प्रियलचीही हात जोडून क्षमा मागितली. प्रियलने हसून त्यांच्या गळ्यात हात टाकले.

रंजनाबाई भांड्यांना आली तेव्हा मागचं दार उघडंच होतं. ती आत शिरणार, तेवढ्यात तिला धनकंवरबाई दिसल्या. पुढच्या खोलीत पाहुणे बोलत होते, आणि त्या इथे एकट्याच, भिंतीतल्या कपाटासमोर उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर सारखा केलेला, हात जोडलेले, नजर लाकडाच्या फटीवर. ओठ हलत होते.

रंजनाबाईने चपला काढल्या. त्यांचं संपेपर्यंत ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.